आईच्या मडक्यातला झूर

पाव कापण्याआधी आपोलोनिया त्याच्या पाठीवर सुरीच्या टोकाने क्रूस काढते. मग तो आख्खा पाव छातीशी धरते आणि सुरी स्वतःकडे ओढत एकेक चकती उतरवते. तिची आई अशीच कापायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी गेनेकला अजून ते बघवत नाही.

"एक दिवस स्वतःलाच कापून घेशील," तो म्हणतो.

"माझी काळजी नाही तुला. उद्याची न्याहारी कोण देईल, याची आहे."

"तीही आहेच की."

निदा नदीच्या काठावरच्या त्यांच्या गावात सगळे तिला पोला म्हणतात. गेनेक जिप्समच्या खाणीत होता, तेव्हा त्याच्या डब्यात डुकराच्या चरबीचा थर लावलेला पाव आणि लोणच्यातली काकडी असायची. दहाच्या सुमाराला खाणीतले सगळे हात थांबवून ही दुसरी न्याहारी करायचे. पोला स्वतः तालुक्याच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सकाळच्या पहिल्या बसने जायचं, मोठ्या पातेल्यात दूध तापवायचं, त्यात हाताने चुरलेले पिठाचे गोळे सोडायचे आणि मुलांना ताटलीत वाढायचं. दुधावर साय धरली की निम्मा वर्ग नाक मुरडायचा. पोला डावाने साय बाजूला करायची आणि साय आवडणाऱ्या एकदोघांच्या ताटलीत टाकायची. आता पन्नाशीला आलेले गृहस्थ तिला बाजारात भेटतात आणि सांगतात, "बाई, तुमची साय मला अजून स्वप्नात दिसते." पोला विचारते, "चांगल्या स्वप्नात की वाईट?"

पण तिच्या स्वतःच्या मनातली न्याहारी दुधाची नव्हती. ती होती झुराची. लहानपणी तिच्या घरी वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस सकाळी झूरच असायचा. राय धान्याचं भरड पीठ कोमट पाण्यात कालवून, लसूण, तमालपत्र आणि पावाची कड घालून मडक्यात चुलीशेजारी ठेवायचं. चारपाच दिवसांत ते आंबायचं. मग त्या आंबट पाण्याचं सूप करायचं, वरून मरवा चोळून टाकायचा आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर खायचं. टेबलाच्या मधोमध एकच मोठा वाडगा असायचा आणि ज्याने त्याने आपल्या बाजूने चमचा घालायचा. पोला आणि तिची धाकटी बहीण हालिना, म्हणजे घरातली हालका, एकाच बाकावर बसायच्या. कधीमधी वर खारवलेल्या मांसाचे चार तुकडे तरंगायचे. हालका चमच्याने हळूच लाट काढायची, की पोलाच्या बाजूचे तुकडे तिच्याकडे वाहत जायचे.

"आई, ही बघ."

"सूप वाहतं, त्याला मी काय करू," हालका म्हणायची.

आई हसायची नाही आणि रागवायचीही नाही. मडक्याच्या तळाशी उरलेल्या रसात नवं पीठ घालण्यात ती गुंतलेली असायची. ते मडकं कधी धुतलं जात नसे. नुसतं गरम पाण्याने विसळायचं, की कडांना चिकटलेल्या आंबटपणावरच पुढचा झूर धरायचा. आपल्याकडे दही लावताना विरजण जपतात, तसंच. आईला ते तिच्या सासूकडून मिळालं होतं आणि सासूला कुठून, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हालकाचं लग्न झालं तेव्हा आईने नव्या मडक्यात अर्धं विरजण ओतून तिच्या हातात दिलं. पुढे थकल्यावर आई पोलाकडे राहायला आली, ती मांडीवर जुनं मडकं घेऊनच. गाडीत गेनेक म्हणाला, "सासूबाई, मागे ठेवा ना ते." आई म्हणाली, "तुला मागे ठेवते. चालव."

आई गेली तेव्हा दफनानंतरच्या जेवणाला पोलाने झूरच केला. घर माणसांनी भरलेलं, चार रात्री झोप नाही. फादर पहिल्या टेबलावर बसले होते. हालकाने दोन चमचे घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आईचा असा पांचट नसायचा."

पोलाने डाव खाली ठेवला. "तुला आईच्या हातचा आठवतोय होय? शेवटच्या हिवाळ्यात तर तू फिरकली नाहीस."

फादर पाव खात राहिले. हालकाने कोट घेतला आणि ती गेली. त्या हिवाळ्यात हालकाचा नवरा अंथरुणाला खिळला होता, हे पोलाला चांगलं माहीत होतं. पण बोललेला शब्द ओतलेल्या सूपासारखा असतो. खरवडून पातेल्यात परत जात नाही.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद झालं. गाव एवढंसं. चर्चमध्ये एक डावीकडे बसायची, एक उजवीकडे. दुकानात एक असली की दुसरी बाहेर सायकलीला टेकून थांबायची. हालकाचा नवरा वारला तेव्हा पोला दफनाला गेली, पण मागच्या रांगेत उभी राहून परतली. हालकाची मुलगी परदेशी गेली. पोलाचा मुलगा दारेक क्राकूफला स्थायिक झाला आणि सणाला आधी बायकोच्या माहेरी जाऊन सोमवारी इकडे यायला लागला. म्हणजे ईस्टरच्या सकाळी एका घरात दोन माणसं आणि दुसऱ्या घरात एकच माणूस एकाच विरजणाचा झूर खायचे. मध्ये फक्त चार कुंपणं होती.

गेनेक मात्र दोन्हीकडे जायचा. हालकाची लाकडं फोडून द्यायची, छपराची कौलं बसवायची. घरी आला की त्याच्या मिशीला मरव्याचा वास यायचा.

"न्याहारी काढू?" पोला विचारायची.

"नको. भूक नाहीये आज."

"नसणारच," पोला म्हणायची आणि पुढे काही विचारायची नाही.

त्या वर्षी गावातल्या अग्निशमन दलाच्या पोरांनी एक जुनी प्रथा पुन्हा उकरून काढली. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास. त्यात मांस नाही, लोणी नाही, रोज तोच बिनचरबीचा झूर. उपास संपत आला की पूर्वी गावातली पोरं कंटाळलेल्या झुराची अंत्ययात्रा काढायची. मडकं तिरडीवर ठेवायचं, खोटं खोटं रडायचं आणि शिवेवर नेऊन फावड्याने फोडून पुरायचं. पोलाच्या लहानपणी आई त्या दिवशी खरं मडकं पलंगाखाली लपवायची आणि पोरांना एखादं फुटकं द्यायची. दलाच्या पोरांनी गेनेककडे मडकं मागितलं, कारण तो त्यांच्यातला जुना गडी. पोलाने एका कान तुटलेल्या मडक्यात पिठाचं पाणी भरलं आणि ते कोठाराच्या दाराशी ठेवलं. गेनेकला तिने सांगितलं, "भरून ठेवलंय, घेऊन जा." आणि ती चर्चमध्ये फुलं लावायला गेली.

गेनेक फडताळाशी गेला. खालच्या फळीवर झुराने भरलेलं मडकं होतं. झुराच्या अंत्ययात्रेला झुराचंच मडकं हवं, यात शंका घेण्यासारखं त्याला काही वाटलं नाही. ते पोत्यात घालून तो घेऊन गेला. तिथे तो रडण्यातही सामील झाला. बरा रडला, असं लोक म्हणाले.

शनिवारी सकाळी पोला ईस्टरच्या सूपाची तयारी करायला फडताळाशी गेली. फळीवर नुसता गोल काळा डाग होता. ती जरा वेळ त्या डागाकडे बघत राहिली. मग कोठाराच्या दाराशी गेली. कान तुटलेलं मडकं तिथेच होतं आणि त्यात एक कोंबडी पाणी पीत होती.

गेनेक टेबलाशी पावावर ताजं पनीर आणि मुळ्याच्या चकत्या रचत होता.

"काल कुठलं मडकं नेलंस?"

"भरलेलं. तू म्हणालीस ना भरून ठेवलंय."

"कुठून घेतलंस?"

"फडताळा..." इथपर्यंत बोलून गेनेक थांबला. हातातला पाव त्याने हळूच ताटलीत ठेवला. "पोला, ते नव्हतं का?"

पोला खुर्चीत बसली. गेनेकने टोपी घेतली आणि तो न सांगता बाहेर पडला. तासाभराने आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि हातात तीन खापऱ्या होत्या.

"म्हटलं, कडेला चिकटलेलं असतं ना. त्यावर धरतं म्हणतेस."

पोलाने एक खापरी नाकाशी नेली. चिखलाच्या वासाखाली, अगदी आत, तो आंबट वास अजून होता. पण त्यावर गांडूळही होतं.

"दुकानात बाटलीत मिळतो," गेनेक म्हणाला. "वाईट नसतो म्हणतात."

"म्हणतात ना? मग त्यांना खाऊ दे."

"नवीन लाव की."

"नवीन लागायला पाच दिवस लागतात. आणि लागला तरी तो आईचा नसेल. पीठ आणि पाणी असेल." तिने खापऱ्या टॉवेलात गुंडाळल्या. "माझ्या घरातून गेला तो, गेनेक. माझ्या हातून."

"माझ्या हातून," गेनेक म्हणाला. मग भिंतीकडे बघत तो बोलला, "आईचा अजून एका घरी आहे."

"मला माहितेय कुठे आहे ते. तू तिथे खातोस."

गेनेकने मिशी पुसली. स्वच्छ असली तरी पुसली.

दुपारी पोलाने आशीर्वादाची टोपली भरली. उकडलेली रंगीत अंडी, पाव, मीठ, पांढरं सॉसेज, नाकात जाणारी किसलेली तिखट मुळी, लोण्याचं छोटं कोकरू. त्यावर भरतकाम केलेलं पांढरं फडकं. आणि फडक्याखाली, अंड्यांच्या बाजूला, झाकणाची एक रिकामी बरणी. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे तिला स्वतःलाच हास्यास्पद वाटत होतं. पण बरणी हातात घेऊन गावातून चालणं तिला जमणार नव्हतं.

चार रस्ते मिळतात तिथल्या लहान देवळीपाशी बायका टोपल्या घेऊन ओळीने उभ्या होत्या. फादर पवित्र पाणी शिंपडत गेले. पोलाच्या फडक्यावर पाणी पडलं तेव्हा तिला वाटलं, आता देवालाही रिकामी बरणी दिसली असणार. समोरच्या ओळीत हालका होती. ती वाळली होती. तिच्या टोपलीत एकच अंडं होतं.

आशीर्वाद संपला आणि बायका पांगल्या. हालका आपल्या वाटेने निघाली. पोलाचं घर दुसऱ्या बाजूला होतं. तरी ती हालकाच्या मागून चालू लागली. ती घाई करीना, आणि अंतरही पडू देईना.

पहिल्या कुंपणापाशी हालका न वळताच म्हणाली, "पाय ओढत मागून काय येतेस? पुढे जायचं तर पुढे जा."

इतक्या वर्षांनी हे पहिलं वाक्य होतं. पोलाने मनात बांधून आणलेलं सगळं सुटलं.

"पुढे नाही जायचं. तुझ्याकडेच यायचंय."

हालका थांबली. "कोण गेलं?"

"कोणी नाही. आईचं मडकं गेलं."

"माहितेय," हालका म्हणाली. आता ती वळली. "मी होते काल तिथे. सगळं गाव होतं."

"तू बघितलंस?"

"पोत्यातून काढलं तेव्हाच ओळखलं. काठावरचा तो टवका मीच पाडला होता, आणि मारही मीच खाल्ला होता. गेनेक रडत होता, सगळे हसत होते आणि पोराने फावडं मारलं." हालकाचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, तू मुद्दाम दिलंस. माझ्यावरचा राग आईच्या मडक्यावर काढलास."

"मी?"

"मग कोण? घर तुझं, मडकं तुझं."

"हालका, कान तुटलेलं भांडं मी कोठारापाशी भरून ठेवलं होतं. तो शहाणा फडताळातलं घेऊन गेला. आज सकाळी चिखलात उकरत होता. खापऱ्या घेऊन आला, गांडुळासकट."

हालका तिच्याकडे बघत राहिली. खरं की खोटं, हे ती बहिणीच्या चेहऱ्यावर शोधत होती. मग तिला गेनेक चिखलात उकरताना दिसला असावा. तिचे ओठ आधी हलले, मग खांदे.

"गांडुळासकट?"

"जिवंत होतं."

"मी काल रात्री जेवले नाही," हालका हसता हसता म्हणाली आणि तिने हाताच्या पाठीने डोळे पुसले. "वाटलं, आता आईचा फक्त माझ्याकडे राहिला. आणि माझ्यानंतर कोण आहे? माझी पोरगी तिकडे डब्यातले पोहे दुधात घालून खाते."

हालकाच्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी तिचं मडकं होतं. लग्नातलं. तेही आता जुनं झालं होतं. पोलाने झाकण उचललं आणि वास घेतला. बाक, वाडगा, आईची वाकलेली पाठ, सगळं त्या एका श्वासात होतं. तिने टोपली टेबलावर ठेवली, फडकं बाजूला केलं आणि अंड्यांच्या आडून बरणी काढली.

हालकाने बरणी बघितली. "आज नाही."

"हालका..."

"आज शनिवार. सणाच्या आदल्या दिवशी विरजण उंबऱ्याबाहेर जात नाही. घराची बरकत जाते. आईचा नियम आहे. तुला माहितेय."

पोलाला माहीत होता. सकाळपासून तो विसरल्याचं तिने स्वतःला पटवलं होतं. शेजारीण रडत आली होती तरी आईने दिलं नव्हतं. तिने बरणी परत टोपलीत ठेवली आणि फडकं सारखं केलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "येते."

ती दारापर्यंत गेली. मागे हालका शेगडीवरची पातेली उगाच हलवत होती.

"मरवा ताजा आहे का तुझ्याकडे?" हालकाने विचारलं.

"आहे."

"माझा गवतासारखा झालाय. सकाळी येताना घेऊन ये. आणि सॉसेज आण. मी एकटीपुरतं एकच घेतलंय. त्या शहाण्यालाही आण, दरवर्षी हळूच येतो तर यंदा दारातून येऊ दे."

पोला दाराच्या कडीला धरून उभी राहिली. "विरजण बाहेर जात नाही, पण माणसं आत येतात का?"

"आईने त्यावर काही नियम केला नव्हता."

ईस्टरच्या पहाटे चर्चच्या घंटा वाजल्या. मिरवणूक चर्चभोवती तीन वेळा फिरली. थंडीने पाय आखडले होते आणि सगळ्यांची पोटं रिकामी होती. प्रार्थनेनंतर लोक घाईघाईने घरोघर पळाले. सणाच्या दिवशी जो आधी घरी पोचेल त्याचं पीक आधी येतं, असं म्हणत गेनेकही चालायला लागला, पण रस्ता हालकाच्या घराचा होता. त्याच्या एका हातात सॉसेज होतं आणि दुसऱ्या हातात केकचा डबा.

झूर उकळत होता. पोलाने हातावर मरवा चोळून वरून टाकला. हालकाने टेबलावर पांढरी चादर घातली होती आणि मध्ये आशीर्वादाचं अंडं ठेवलं होतं. ते कापायचं, एकेक फोड सगळ्यांना द्यायची आणि एकमेकांना चांगलं चिंतायचं, मगच चमचा उचलायचा. ते काम घरातल्या मोठ्या माणसाचं.

"तू मोठी. तू काप," हालका म्हणाली.

"घर तुझं आहे."

"आईच्या वेळी..."

"आईच्या वेळी आई होती."

दोघी सुरीकडे बघत उभ्या राहिल्या. सूप निवत होतं.

"मी कापतो," गेनेक म्हणाला.

"तू कशालाही हात लावू नकोस," दोघी एकदम म्हणाल्या.

शेवटी हालकाने सुरी घेतली. तिने अंड्याच्या फोडी केल्या आणि ताटली पोलासमोर धरली. अशा वेळी काय बोलायचं हे पोलाने रात्रभर जुळवलं होतं. त्यात ‘माफ कर’ होतं, तो हिवाळा होता, हालकाचा नवराही होता. फोड हातात घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "वाळलीस तू. खात जा."

"एकटीला शिजवायचा कंटाळा येतो," हालका म्हणाली. मग ताटलीकडे बघत ती पुढे बोलली, "त्या हिवाळ्यात मला यायचं होतं, पोला."

"माहितेय. तेव्हाही माहीत होतं."

हालकाने मान हलवली. गेनेकने अंडं एका घासात गिळलं आणि वाडगा पुढे केला.

सोमवारी दारेक आणि त्याची मुलं आली. पोरांनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांवर पाणी उडवलं आणि हालकाच्या घरीही जाऊन तिला भिजवून आली. मंगळवारी सण संपला. सकाळी पोला पाव कापायला घेत होती तेवढ्यात हालका दारात आली. शालीखाली तिने बरणी धरली होती, भरलेली, अजून कोमट.

"शेगडीशेजारी ठेव. खिडकीत नको, उन्हाने मरेल."

"मला शिकवतेस?"

"तुझ्या घरात एक गेलाय. शिकवायला नको?"

पोलाने बरणी शेगडीशेजारी ठेवली. आईच्या मडक्याच्या कडांतलं यात काही नव्हतं, नुसती काच होती. पुढच्या आठवड्यात लावलेला पहिला झूर फिका निघाला. पोलाला ते पहिल्याच चमच्यात कळलं. उकडलेले बटाटे मात्र चांगले होते. हालका समोर बसून खात होती. तिने एक बटाटा चमच्याने दोन तुकड्यांत मोडला, आणि दुसरा मोडला.

"केवढाले बटाटे कापलेत. आपण काय घोडे आहोत?"

"मोठे वाटत असतील तर उद्या तू काप."

"उद्या कापते," हालका म्हणाली आणि तिने वाडगा पुढे सरकवला. "अजून वाढ."